व्हेनिसचा शेवटचा डोजे लुदोविको मानिन: सगळा दोष त्या एकट्याचाच?

खाडीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं ते आज लिहून टाकतोय. लांबेल थोडं, सांभाळून घ्या.

व्हेनिसला सांता लुचिया स्टेशनातून बाहेर पडलं की समोर थेट ग्रँड कॅनॉल, त्यामुळे माणूस दुसरीकडे बघतच नाही. आम्हीही पहिल्या दिवशी तसेच बोटीकडे पळालो. परतीच्या दिवशी मात्र गाडीला दोन तास होते, बॅगा ओढत कुठे फिरायचं म्हणून स्टेशनच्या अगदी शेजारी जे चर्च आहे, स्काल्झी, तिथे जाऊन बसलो. आत नजर ठरत नाही इतकं संगमरवर आणि सोनं. आणि बाजूच्या एका चॅपलमध्ये खाली एक साधी शिळा, तिच्यावर दोनच शब्द, मानिनी चिनेरेस. मानिनची राख. ना पदवी, ना पराक्रम.

हा मानिन म्हणजे लुदोविको मानिन, व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचा शेवटचा डोजे. (डोजे म्हणजे उमरावांनी निवडलेला राज्याचा प्रमुख.) त्याच गावात सान जोव्हान्नी ए पाओलो नावाचं चर्च आहे तिथे वीसपंचवीस डोजे पुरलेत, काहींची स्मारकं भिंतभर उंच, बघताना मान दुखते. आणि ह्याच्या वाट्याला दोन शब्द. तेव्हापासून ह्या माणसाबद्दल मिळेल ते वाचत सुटलोय.

जन्म १७२५, व्हेनिसमध्येच. पण घराणं मूळचं फ्लॉरेन्सचं, मग फ्रिउलीत उदिनेकडे स्थायिक झालेलं, पैसा अफाट. पस्सारियानोचा त्यांचा वाडा आजही बघायला लोक जातात. व्हेनिसच्या उमरावांत त्यांचं नाव लागलं ते १६५१ मध्ये, तेही पैसे मोजून. क्रीटसाठी तुर्कांशी लढाई चालू होती, खजिना आटलेला, तेव्हा सरकारने ठरवलं की जो एक लाख डुकाट (व्हेनिसचं सोन्याचं नाणं) देईल त्या घराण्याचं नाव सोनेरी वहीत घालायचं. (लिब्रो द'ओरो, उमरावांची नोंदवही. तिच्यात नाव नसेल तर राज्यकारभारात शून्य किंमत.) म्हणजे हे घराणं जुन्यांच्या नजरेत कायमचं उपरं. शे-सव्वाशे वर्षं झाली तरी उपरंच, आपल्याकडे गावात तीन पिढ्या राहिलेल्या माणसालाही बाहेरचा म्हणतात ना, तसं.

लुदोविको बोलोन्याला शिकला, १७४८ मध्ये एलिझाबेत्ता ग्रिमानीशी लग्न झालं, मूलबाळ झालं नाही. विचेन्झा, व्हेरोना, ब्रेशा अशा ठिकाणी राज्याच्या नेमणुका केल्या, सान मार्कोचा (व्हेनिसचा रक्षक संत, सेंट मार्क) प्रोक्युरेटर झाला, डोजेखालोखाल मानाचं पद. माणूस सज्जन, धार्मिक, हात सैल. कुठेही वाईट बोललेलं सापडत नाही आणि कुठेही मोठं काही केल्याचंही सापडत नाही.

मग १७८९. आधीचा डोजे पाओलो रेनिएर फेब्रुवारीत वारला पण कार्निव्हल चालू होता म्हणून त्याच्या मरणाची बातमीच काही दिवस दाबून ठेवली. मुखवटे उतरल्यावर मग सांगितलं की डोजे गेले. ९ मार्चला मानिन निवडून आला, वय ६३. पिएत्रो ग्रादेनिगो नावाचा जुन्या घराण्यातला उमराव तेव्हा म्हणाला म्हणे, "फ्रिउलीच्या माणसाला डोजे केलंय, प्रजासत्ताक मेलं." पहिल्या दिवशी! अजून त्या माणसाने खुर्चीत बसून एका कागदावर सही केली नव्हती. चार महिन्यांनी पॅरिसमध्ये बास्तीयचा तुरुंग पडला, फ्रेंच राज्यक्रांती सुरू झाली.

त्याचं नशीब बघा. मे १७९६ मध्ये नेहमीप्रमाणे तो बुचिंतोरो ह्या सोनेरी शाही नौकेतून लिदोपाशी (खाजणाच्या तोंडावरचं बेट) गेला आणि समुद्रात अंगठी टाकली, डोजेचं आणि समुद्राचं लग्न, शेकडो वर्षांची प्रथा. त्याच आठवड्यात नेपोलियनने लोदीचा पूल जिंकला आणि मिलानचा रस्ता मोकळा झाला. त्यानंतर ती अंगठी कुठल्याच डोजेने टाकली नाही.

पुढचं वर्ष भयानक. व्हेनिसने तटस्थ राहायचं ठरवलेलं, तेही सैन्य न उभारता, त्यामुळे फ्रेंच आणि ऑस्ट्रियन दोघंही ह्यांच्या मुलखातून हवं तसं फिरले, ह्यांच्याच शेतकऱ्यांचं धान्य खाऊन. १७ एप्रिल १७९७ ला, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, व्हेरोनाच्या लोकांनी फ्रेंचांविरुद्ध उठाव केला. २० तारखेला एक फ्रेंच जहाज लिदोच्या तोंडातून आत घुसू लागलं तेव्हा सांत'आंद्रेआ किल्ल्यावरून पित्झामानोने तोफा डागल्या, जहाजाचा कप्तान लोझिए मेला. नेपोलियनला कारणच हवं होतं. व्हेनिसच्या दूतांना तोंडावर म्हणाला, मी व्हेनिससाठी ॲटिला (इटलीवर चालून आलेला हूणांचा राजा) होईन. आणि ह्यातली सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट अशी की १८ एप्रिललाच लेओबेनला त्याने ऑस्ट्रियाशी गुप्त करार करून व्हेनिसचा जमिनीवरचा बराचसा मुलूख देऊन टाकलेला होता. जहाजावर तोफ उडाली त्याच्या दोन दिवस आधी.

३० एप्रिलच्या रात्री डोजेच्या खासगी खोल्यांत घाईची बैठक झाली. तिथे मानिन येरझाऱ्या घालत म्हणाला, "आज रात्री आपण आपल्या बिछान्यातसुद्धा सुरक्षित नाही." हे वाक्य त्याला आयुष्यभर आणि मेल्यावरही चिकटलं. १ मेला नेपोलियनने युद्ध पुकारलं. १२ मेला महासभा, म्हणजे उमरावांची सभा भरली, कोरम ६०० चा, आले ५३७. मानिन पांढराफटक पडलेला, डोळ्यांतून पाणी वाहतंय, तशातच त्याने सत्ता सोडण्याचा ठराव मांडला. तेवढ्यात बाहेर बंदुकांचे बार झाले. ते होते परत निघालेले डाल्मेशियाचे (समोरच्या किनाऱ्यावरचा व्हेनिसचाच मुलूख) सैनिक, निरोपाची सलामी देत होते. आतल्यांना वाटलं दंगल झाली. घाईघाईत मतदान झालं, ५१२ बाजूने, २० विरुद्ध, ५ तटस्थ. झगे तिथेच टाकून लोक बाजूच्या दारांनी सटकले.

मानिन आपल्या खोलीत गेला. डोजेच्या शिंगासारख्या टोपीच्या आत लिननची पांढरी टोपडी घालायचे, ती त्याने काढून नोकराच्या, बेर्नार्दोच्या हातात दिली. "घे, ही आता मला लागणार नाही."

अकराशे वर्षांचं राज्य त्या एका वाक्यात संपलं. मला तरी ते वाचून रडू आलं होतं.

तर माझा प्रश्न. इतिहासात हा भित्रा, दुबळा, राज्य बुडवणारा म्हणून नोंदला गेलाय. मला हे अन्यायाचं वाटतं. तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणाने लिहा.

---

रेवदंडेकर

अप्रतिम लेख. टोपडीचा प्रसंग माहीत नव्हता. एक शंका, व्हेनिस बुडायला खरं कारण वास्को द गामाच ना? १४९८ ला तो कालिकतला आला, १५१० ला गोवा पोर्तुगीजांकडे, आणि मिरीचा सगळा धंदा आफ्रिकेला वळसा घालून लिस्बनला जायला लागला. म्हणजे व्हेनिसची कबर एका अर्थी आपल्या किनाऱ्यावरच खणली गेली.

---

मिरीवाटप

रेवदंडेकर, हे शाळेत असंच शिकवलं जातं आणि अर्धं खरं आहे. बातमी आली तेव्हा व्हेनिसला धक्का नक्कीच बसला, जिरोलामो प्रिउली म्हणून एक व्यापारी रोजनिशी लिहायचा, त्याने तेव्हाच लिहून ठेवलं की ह्याच्याइतकी वाईट बातमी दुसरी नाही. पण पुढे पोर्तुगीजांना तांबड्या समुद्राची वाट काही पूर्ण बंद करता आली नाही, त्यामुळे सोळाव्या शतकाच्या मध्याला मिरी पुन्हा अलेक्झांड्रियामार्गे व्हेनिसला भरपूर यायला लागली होती. कायमचं मोडलं ते सतराव्या शतकात डच आणि इंग्रज उतरल्यावर.

आणि त्याच्या जोडीला तुर्कांशी लढाया. सायप्रस गेलं १५७१ मध्ये, आणि तेही लेपांतोचा एवढा मोठा आरमारी विजय त्याच वर्षी मिळून! क्रीटसाठी कांदियाचा वेढा २१ वर्षं चालला, १६६९ ला तेही सोडावं लागलं. मोरिया (ग्रीसचा दक्षिण भाग) मिळवलं आणि १७१८ ला गमावलं. त्यानंतर समुद्रावर दरारा असा उरलाच नाही. त्यात ऑस्ट्रियाने त्रिएस्त खुलं बंदर केलं, तिकडे इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावर लिव्होर्नो बंदर होतंच, मग माल व्हेनिसला कशाला उतरवायचा? उमरावांनी पैसा जहाजांतून काढून जमिनीत घातला, शेती आणि व्हिला. ज्यांचे पूर्वज गॅलीवर (वल्ह्यांच्या जहाजावर) उभे राहून अलेक्झांड्रियापर्यंत गेले त्यांच्या नातवंडांना मक्याचे भाव जास्त ठाऊक.

तरी मेलेलं राज्य म्हणू नका हां. समुद्र आडवण्यासाठी मुरात्झी म्हणजे दगडी बांध घातले ते १७४४ ते १७८२ ह्या काळात, इस्त्रियाचा पांढरा दगड आणून. फेनिचे थिएटर उघडलं १७९२ मध्ये, म्हणजे मानिनच्याच कारकिर्दीत. आंजेलो एमोने १७८४ पासून ट्युनिसच्या चाच्यांवर मोहिमा केल्या. हात चालत होते त्यांचे. डोकं चालत नव्हतं.

---

कडक_चहा

लेख चांगला आहे पण मी स्पष्ट बोलणार. मानिनला सहानुभूती देता येत नाही मला.

व्हेनिसचं खाजण हेच त्याचं सगळ्यात मोठं शस्त्र. ८१० मध्ये फ्रँकांचा पेपिन, इटलीचा राजा, चालून आला, चिखलात अडकून परत गेला. १३७९ ला जेनोवावाले किओज्जापर्यंत घुसले, अन्नाचे हाल सुरू झाले, तेव्हा ह्याच लोकांनी तुरुंगातून आपल्या आरमारप्रमुखाला, व्हेत्तोर पिसानीला बाहेर काढलं आणि जेनोवाचं आरमारच तिथे कोंडून धरलं. १७९७ ला फ्रेंचांकडे तिथे आरमार कुठे होतं? किनाऱ्यावर उभे राहून पाण्याकडे बघत होते. शहरात डाल्मेशियाचे शिपाई होते, मरायला तयार. त्यांनाच ह्या लोकांनी घरी पाठवून दिलं, आणि त्यांच्याच सलामीच्या बारांना घाबरून पळाले!

आणि लोकांचं काय? राज्य सोडल्याची बातमी बाहेर आली तेव्हा सामान्य माणूस चौकात "व्हिवा सान मार्को", सान मार्कोचा जय असो, ओरडत होता. कोळी, हमाल, बोटवाले. फ्रेंचांची बाजू घेणाऱ्यांच्या घरांवर चालून गेले. तर ह्यांनी काय केलं, रिआल्तोच्या पुलावर तोफ लावून आपल्याच लोकांवर डागली. एवढी तोफ फ्रेंचांवर लावायची होती.

पेरास्तचं उदाहरण घ्या. एड्रियाटिकच्या पलीकडच्या किनाऱ्यावर, कोतोरच्या आखातातलं टिकलीएवढं गाव, व्हेनिसच्याच राज्यातलं. राजधानीने मान टाकल्यावर तीन महिन्यांनी, २३ ऑगस्ट १७९७ ला, ऑस्ट्रियन यायच्या आधी त्या गावाने सान मार्कोचा झेंडा चर्चच्या वेदीखाली पुरला, डोळ्यांतून पाणी काढत. ती कन नू, नू कन ती, तू आमच्याबरोबर, आम्ही तुझ्याबरोबर. सत्ता नव्हती त्यांच्याकडे, पैसा नव्हता. लाज होती.

आणि आडनाव तेच पण माणूस बघा, दानिएले मानिन, १८४८ चा. ऑस्ट्रियाविरुद्ध सगळं शहर उठवलं, ऑगस्ट १८४९ पर्यंत लढवलं, उपासमार आणि कॉलरा अंगावर घेऊन. ह्याला म्हणायचं व्हेनिसचा माणूस.

---

खाडीकाठ (धागाकर्ता)

कडक_चहा, तुमचा राग मला समजतो आणि पेरास्तचं तुम्ही लिहिलंत ते वाचून अंगावर काटा आला. पण दोन-तीन गोष्टी सांगतो मग ठरवा.

डोजे म्हणजे राजा नव्हे हो. शिक्का, झगा, सिंहासन सगळं होतं पण अधिकार? स्वतःच्या नावाने आलेलं सरकारी पत्र त्याला एकट्याने उघडता येत नसे. परदेशी वकिलाला एकट्याने भेटता येत नसे. परवानगीशिवाय शहर सोडता येत नसे. राजीनामासुद्धा मनाने देता येत नसे! निवडून आल्यावर प्रोमिस्सिओने म्हणजे शपथपत्रावर सही घेत, त्यात प्रत्येक नव्या डोजेवर नवीन बंधनं, आणि मेल्यावर त्याच्या कारभाराची चौकशी होऊन वारसांकडून दंड वसूल करत. निवडणूक तर अशी की आधी चिठ्ठ्या काढून तीस, त्यातून नऊ, ते निवडणार चाळीस, त्यातून बारा, मग पंचवीस, नऊ, पंचेचाळीस, अकरा, आणि ते अकरा जण निवडणार एकेचाळीस, आणि हे एकेचाळीस जण निवडणार डोजे. १२६८ पासून हीच पद्धत. कुणा एकाच्या हाती सत्ता जाऊ नये म्हणून पाचशे वर्षं ह्या लोकांनी एवढी खबरदारी घेतली, आणि शेवटच्या दिवशी म्हणतात तू एकट्याने का नाही वाचवलंस.

सशस्त्र तटस्थता ठेवा, सैन्य उभारा हे फ्रांचेस्को पेसारो १७९४ पासून सिनेटला सांगत होता. पैसे कोण देणार म्हणून सिनेटने टोलवलं. तो निर्णय मानिनचा नव्हता. बरं, तो पेसारो तरी काय, वेळ आल्यावर ऑस्ट्रियाला निघून गेला आणि नंतर त्याच ऑस्ट्रियाचा कमिशनर होऊन परत आला. जुन्या इतिहासांत लिहिलंय की ऑस्ट्रियाशी निष्ठेची शपथ घ्यायला मानिन ह्याच पेसारोसमोर उभा राहिला आणि तिथेच शुद्ध हरपून कोसळला. पेसारोला मात्र कोणी राज्यबुडव्या म्हणत नाही.

आधीच्या रेनिएरने १७८० मध्येच भर सभेत सांगितलं होतं, आपल्याकडे ना सैन्य, ना आरमार, ना कुणाशी तह, आपण नशिबावर आणि अपघाताने जगतोय. सगळ्यांनी ऐकलं, आणि पुढची सतरा वर्षं तशीच गेली.

दानिएले मानिनबद्दल तुम्ही आडनाव काढलंत म्हणून सांगतो. रक्ताचं नातं काही नाही. त्याचे आजोबा ज्यू होते, आडनाव मेदिना. १७५९ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला तेव्हा ह्या डोजेचाच एक भाऊ त्यांचा धर्मपिता झाला आणि रीतीप्रमाणे त्याचं आडनाव त्यांना मिळालं. म्हणजे मानिन नावाची लाज ज्याने धुऊन काढली त्याला ते नाव ह्याच घरातून मिळालेलं. ही गोष्ट कळली त्या रात्री मला झोप नाही लागली.

---

कडक_चहा

आडनावाचं खरंच माहीत नव्हतं, धन्यवाद. बंधनांचं मान्य. पण मग त्या वीस जणांचं काय, ज्यांनी विरुद्ध मत दिलं? तेही त्याच खोलीत होते, तेही घाबरलेले असणार. कोरम नव्हता, ठराव बेकायदेशीर होता, डोजेने एवढं तरी म्हणायचं होतं की कोरम नाही, सभा तहकूब. एवढा अधिकार लागत नाही त्याला. माझा मुद्दा जागेवर आहे.

---

खाडीकाठ (धागाकर्ता)

ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. कोरमचं मला पण खुपतं.

---

सोनचाफा

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही.

माझे वडील आमच्या भागातल्या एका सहकारी संस्थेचे शेवटचे अध्यक्ष होते. नाव नको, पण मोठी संस्था होती, आजूबाजूच्या चाळीसेक गावांचा पैसा त्यात. खड्डा पंधरा वर्षं आधीपासून पडत होता, आधीच्या संचालकांनी कर्जं वाटली, जुनी कर्जं नव्याने दाखवली, आणि बुडायला लागल्यावर सगळ्यांना अचानक माझे वडील आठवले कारण माणूस सरळ, कुणाशी भांडण नाही, घरची शेती बरी. नाही म्हणता आलं नाही त्यांना. दोन वर्षांत संस्थेला कुलूप लागलं, शेवटच्या कागदावर सही त्यांची. त्यानंतर गावात लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारचं पान रिकामं राहायचं. आधीच्यांपैकी एक जण पुढे निवडूनसुद्धा आला.

माझे वडील निर्दोष होते असं मी म्हणत नाही. ठेवीदारांना आधी सांगायला हवं होतं त्यांनी, ते घाबरले, ही त्यांची चूक होती आणि ती त्यांना माहीत होती. शेवटपर्यंत रात्री उठून बसायचे.

म्हणून विचारते, ह्या मानिनचं नंतर काय झालं? पद गेल्यावर तो जगला कसा? आणि त्याची बायको?

---

खाडीकाठ (धागाकर्ता)

सोनचाफाताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. काय बोलावं कळत नाही, वडिलांना नमस्कार.

बायको, एलिझाबेत्ता, १७९२ मध्येच गेली. शेवटचं काही तिला बघावं लागलं नाही. मूल नव्हतं, त्यामुळे १७९७ ला तो त्या एवढ्या मोठ्या राजवाड्यात एकटाच. मेच्या मध्यावर त्याने राजवाडा सोडला आणि फ्रेंच सैन्य शहरात आलं, इतक्या शतकांत पहिल्यांदा परकं सैन्य. ४ जूनला सान मार्कोच्या चौकात स्वातंत्र्याचं झाड उभारून फ्रेंचांनी आणि त्यांच्या व्हेनेशियन मित्रांनी नाच केला, आणि सोनेरी वही आणि डोजेपदाची चिन्हं जाळली. ज्या वहीत नाव यावं म्हणून ह्याच्या पूर्वजांनी लाख डुकाट मोजले तीच. डिसेंबरमध्ये सान मार्कोवरचे चार घोडे उतरवून पॅरिसला नेले (१८१५ ला परत आले). त्या हिवाळ्यात बुचिंतोरो फोडून जाळली, सोन्याचा मुलामा काढून घेण्यासाठी. ऑक्टोबरात काम्पो फोर्मिओच्या तहाने खुद्द व्हेनिस शहरच ऑस्ट्रियाला दिलं होतं, जानेवारी १७९८ ला ऑस्ट्रियन आले. स्वातंत्र्याचं झाड लावून आठ महिनेही झाले नव्हते.

मानिन त्यानंतर जवळजवळ घरातच राहिला, लोकांत मिसळणं सोडलं. २४ ऑक्टोबर १८०२ ला वारला. मृत्युपत्रात एक लाख दहा हजार डुकाट धर्मादायाला ठेवले. बायकोला स्काल्झीतच पुरलं होतं, तिथेच तिच्याजवळ त्याला ठेवलं.

---

पेठेतला

तारीख वाचून थबकलो. २४ ऑक्टोबर १८०२ ला हा गेला, आणि दुसऱ्याच दिवशी, २५ ऑक्टोबरला, हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, दुसरा बाजीराव पुणं सोडून निघाला आणि ३१ डिसेंबरला वसईचा तह केला. दोन मावळती राज्यं, दोघांचे शेवटचे प्रमुख लोकांना नकोसे. बाजीरावालाही आपण एक विशेषण लावून मोकळे झालो.

---

मिरीवाटप

तारखांचा योग विलक्षण आहे, पण तुलना फार ताणू नका. बाजीरावाच्या हातात खरी सत्ता होती, फौज होती, आणि वसईला त्याने गादी परत मिळावी म्हणून सही केली. मानिनने सही केली ती पद सोडायला, बदल्यात त्याला काहीच मिळालं नाही. बाजीराव पुढे १८५१ पर्यंत जगला, तैनात घेऊन. दोघांचं दुःख वेगळं आहे. इथे मानिनवरच बोलू.

---

आजीची_पेटी

व्हेनिस आणि आपला खरा धागा कुणी सांगितलाच नाही अजून! पुतळीमाळ.

पुतळी म्हणतो ते नाणं मुळात व्हेनिसचं डुकाट. १२८४ पासून पाडायला लागले, साडेतीन ग्रॅमच्या आसपास, जवळजवळ शुद्ध सोनं, आणि पाचशे वर्षं वजन-कस बदलला नाही म्हणून लेव्हंटपासून (भूमध्य समुद्राचा पूर्व किनारा) आपल्या किनाऱ्यापर्यंत डोळे झाकून घ्यायचे. मिरी इकडून जायची आणि त्याच्या बदल्यात हे सोनं इकडे यायचं. त्यावर दोन माणसं, एक सेंट मार्क उभा, दुसरा त्याच्यासमोर गुडघ्यावर बसलेला, दोघांच्या मध्ये झेंड्याची काठी. आपल्या लोकांना लिपी कळेना, चित्र दिसलं, म्हणून पुतळी. तो गुडघ्यावर बसलेला माणूस म्हणजे डोजे. प्रत्येक डोजेच्या काळात चित्र तेच, फक्त कडेचं नाव बदलायचं. मानिनच्या नावाची पण आहेत.

एक सावधगिरीची सूचना, आपल्याकडच्या माळांतल्या बहुतेक पुतळ्या इथेच सोनारांनी पाडलेल्या नकला असतात. अक्षरं न कळता उतरवल्यामुळे कडेला नुसत्या उभ्या-आडव्या रेघा येतात. खरं नाणं समजून कुणी भरमसाट भाव लावून फसू नका.

---

सोनचाफा

आजीची_पेटी, आमच्याकडे सासूबाईंची पुतळीमाळ आहे, लॉकरमध्ये नाही, घरीच. आत्ता काढून भिंगातून बघितली. एकवीस पुतळ्या आहेत. वीस जणींवर तुम्ही म्हणता तशा रेघाच आहेत, वाचता येत नाही काही. एक जरा वेगळी, घासलेली, कडेची अक्षरं खरी वाटतात पण झिजून गेलीत, एक एल आणि पुढे बहुतेक व्ही, पुढचं काहीच नाही. आणखी कुठल्या डोजेचं नाव एलने सुरू होतं का? गुडघ्यावरचा माणूस मात्र स्वच्छ दिसतोय. टोपीसकट.

---

आजीची_पेटी

असतील, लोरेन्झो, लेओनार्दो वगैरे, पण एलच्या पुढे व्ही असेल तर लुदोविको असू शकतो. झिजलेल्या अक्षरावर पैज लावणार नाही मी. ती पुतळी कृपा करून पॉलिशला देऊ नका ताई, आहे तेवढंही जाईल. उजेड आडवा पडेल असा धरून एक फोटो टाकता आला तर बघा.